चांगुणाबाईचा व्हिसा

व्यंकटरावांना कुणी विचारलं, लेकरं किती, तर ते ताडकन सांगायचे, "तीन." चांगुणाबाईला विचारलं तर ती आधी नवऱ्याच्या तोंडाकडं बघायची आणि मग म्हणायची, "तीन म्हना." बाईमाणूस आहे, हिशेबात कच्ची असेल, असं लोक धरून चालायचे. कच्ची कसली डोंबलाची! चार बाळंतपणं जिनं काढली तिला चाराचा आकडा येत नाही होय?

गाळलेली चौथी म्हणजे महानंदा. थोरल्या रामकिशनच्या पाठची. तिच्या पाठीवर तारामती, ती उदगीरला दिलेली, आणि सगळ्यात धाकटा भुजंग. चौघांत डोकं कुणाला होतं म्हणाल तर महानंदाला. नांदेडला नर्सिंग केलं, लातूरच्या दवाखान्यात लागली, आणि तिथंच रक्त तपासणाऱ्या साहेबरावशी तिचं जमलं. साहेबराव मुदखेडचा. पोरगा निर्व्यसनी, पगारदार, बोलायला मऊ. व्यंकटरावांनी स्वतः दिवा घेऊन शोधला असता तरी असा जावई त्यांना मिळाला नसता. पण पोरगा जयभीमवाल्यांचा, आणि व्यंकटराव पाटलांच्या भावकीतले. झालं, संपला विषय.

आता हेच व्यंकटराव एप्रिलात जयंतीला ऑफिसातल्या फोटोला हार घालायला सगळ्यांच्या पुढं. भाषण करायचे. समता, बंधुता, सगळं तोंडपाठ. ऑफिसातली समता ऑफिसात, घरी येताना चपलेसोबत बाहेर काढून ठेवायची, असा त्यांचा दस्तूर.

माणूस मुळात कारकून. उस्मानाबादेतून लातूर निघालं, नवा जिल्हा झाला, तेव्हा दप्तर वाटायला जी माणसं बसवली त्यांत हे होते. हा कागद त्या जिल्ह्याचा, हा ह्या जिल्ह्याचा, बांध बस्ता, मार गाठ. महिनोन् महिने तेच काम. नव्या जिल्ह्यात बढती मिळाली, सोसायटीत प्लॉट मिळाला, घर झालं. आणि डोक्यात एक बसलं ते कायमचं. जगात कुठलीही गोष्ट दोरी लावून दोन भागांत वेगळी करता येते, आणि एकदा वेगळी केली की मागं बघायचं काम नाही.

महानंदानं नांदेडला जाऊन रजिस्टर लग्न केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी व्यंकटरावांनी अंगणात पाट मांडला. सत्त्याण्णव सालची गोष्ट. कपडे उतरवून पाटावर बसले आणि बायकोला म्हणाले, "वत पाणी. पोरीच्या नावानं आंघोळ करायलोय."

लोक रागाच्या भरात बोलतात, तुझ्या नावानं आंघोळ केली म्हणून. बोलतात आणि संध्याकाळी गिळायला बसतात. ह्या माणसानं खरंच केली. सोसायटीतली माणसं गच्चीवरून बघत होती. चांगुणाबाईनं घंगाळातून तांब्या तांब्या पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं, मग त्यांनी तिलाही पाटावर बसवलं. ती बसली. पळून गेली असती तर कुठं गेली असती? माहेरच्या जमिनीवरचा हक्क तिनं एका साडीचोळीवर भावांना सोडून दिला होता. ती बसली, आणि अंगावर पाणी पडताना तिला एवढंच वाटत होतं की पोरगी ह्या वेळेला जेवली असेल का.

आंघोळ झाल्यावर व्यंकटरावांनी पोस्टाचं कार्ड घेतलं, चार ओळी लिहिल्या, आणि मयतीच्या कार्डाचा फाडतात तसा त्याचा कोपरा फाडला. मुदखेडच्या पत्त्यावर टाकलं. काय लिहिलं ते चांगुणाबाईला वाचता येत नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्याला एकोणीस वर्षं झाली. मधल्या काळात महानंदा आधी आखातात गेली, तिथून ऑस्ट्रेलियात. दोन लेकरं झाली. हे सगळं तारामतीकडून कळायचं, तेही न्हाणीघरात, नळ सोडून. पुढं भुजंगला त्याच्या कंपनीनं ऑस्ट्रेलियात धाडलं आणि नेमकं त्याच शहरात. व्यंकटरावांनी पेढे वाटले. पोरगा परदेशी गेला म्हणून सोसायटीच्या गेटवर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं. पोरगी तिथं सहा वर्षं आधी जाऊन बसली होती, त्याचं काय? ती त्यांच्या बस्त्यात नव्हती.

भुजंग रविवारी व्हिडिओवर यायचा. एका रविवारी तो बोलत असताना मागून बाईचा आवाज आला, "अरे, वरणाखालचा गॅस बंद केलास का?" एवढंच. चांगुणाबाईनं हातातला पेला खाली ठेवला. पोरीचा आवाज जरा जाड झाला होता, पण अरे म्हणताना तीच ओढ. तिनं नवऱ्याकडं बघितलं. त्यांनीही ऐकलं होतं. त्यांनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

तेव्हापासून ती दर रविवारी फोनच्या मागचं ऐकायची. भुजंग काय बोलतो त्याच्याकडं तिचं लक्ष नसायचं. पोराला वाटायचं, मायला कमी ऐकू यायला लागलं.

मग दोन हजार सोळाचा उन्हाळा आला. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तो उन्हाळा. देशभर फोटो झळकले, पण सोसायटीत तोटी कोरडी ती कोरडीच. टँकर यायचा तेव्हा बायका बॅरलवर पडायच्या, आणि सत्तरी गाठलेले व्यंकटराव कळशी घेऊन रांगेत. एकदा रांगेत कुणीतरी त्यांना ढकललं. ढकलणारा त्यांच्याच ऑफिसातल्या शिपायाचा पोरगा. त्या दिवशी रात्री भाकरी खायला बसल्यावर ते म्हणाले, "इथं आता माणसानं राहू नये."

रामकिशन शिरूर अनंतपाळला मास्तर. त्याचं तिथं घर, बोअरला थोडंफार पाणी. पण सूनबाईनं एकदाच विचारलं होतं, "आप्पा किती दिवसांसाठी येणार हायत?" त्या किती दिवसांवरून काय समजायचं ते सगळ्यांना समजलं. राहिला भुजंग. तो म्हणाला, "या तुम्ही दोघं. कायमचंच या."

कायमचं! चांगुणाबाईनं तो शब्द मनात धरून ठेवला. तिला ऑस्ट्रेलिया काय, कुठं, थंडी का ऊन, काही घेणंदेणं नव्हतं. तिला ते वरणाखालचा गॅस बंद केलास का विचारणारं माणूस डोळ्यानं बघायचं होतं. मरायच्या आधी. बाकी काही नको.

भुजंगनंच नांदेडच्या एका एजंटाचा नंबर दिला. शिवप्पा त्याचं नाव. देगलूरकडचा माणूस, आधी विमानाची तिकिटं काढून द्यायचा, मग व्हिसाचं करायला लागला. दोघं नवराबायको सकाळच्या एसटीनं नांदेडला गेली. शिवप्पानं थंड पाण्याची बाटली पुढं ठेवली. लातूरची माणसं म्हणून एक न मागता दुसरीही ठेवली. व्यंकटरावांना तो उपकार आवडला नाही, पण पाणी प्याले.

"बघा साहेब," शिवप्पा म्हणाला, "आईबापाला तिकडं राहायचे तीन रस्ते. पहिला पाहुण्याचा. लवकर मिळतो. वर्षभर राहायचं, वर्ष झालं की निघायचं, पुन्हा अर्ज, पुन्हा जायचं. दवाखान्याचा विमा आपला आपण काढायचा, आणि ह्या वयात तो काही स्वस्त नसतो."

"पेन्शनीत बसतो का?"

"बसवावा लागतो. पेन्शन ठरलेली, विमा दर साली वाढणार. वर जाण्यायेण्याचं तिकीट. आपण चार-पाच वर्षं काढू शकता, पुढचं मी सांगू शकत न्हाई." शिवप्पानं दुसरं बोट धरलं. "दुसरा रस्ता रांगेचा. फी कमी. कायमचं राहायला मिळतं. रांग तेवढी लांब हाय."

"किती लांब?"

"तीस वर्षं धरा."

व्यंकटरावांनी त्याच्याकडं असं बघितलं की शिवप्पानं बोट मिटून घेतलं. "तिसरा पैशाचा," तो घाईनं म्हणाला. "हाही कायमचा. सरकारला एकरकमी मोठी रक्कम भरायची, दोघांची मिळून पन्नास लाखाच्या घरात जाते. दोन-तीन वर्षांत काम होतं. तिथं पोचल्यावर दवाखाना सरकारचा. ज्याची मिळकत ठरलेली हाय अन् वाढणार न्हाई, त्याला शेवटी हाच परवडतो. एकदाच भरायचं, पुन्हा बघायचं न्हाई."

एकदाच आणि पुन्हा बघायचं न्हाई, हे व्यंकटरावांना पसंत पडलं. पाहुणा म्हणून त्यांना जायचंच नव्हतं. पोराच्या दारात वर्षावर्षाची मोहलत मागत बसायचं, सुनेनं भिंतीवरल्या कॅलेंडरकडं बघायचं, छे. अर्धे पैसे भुजंग तिथल्या बँकेतून काढणार होता, अर्धे सोसायटीचं घर विकून. "तिसरा करा," ते म्हणाले.

शिवप्पा कागद पुढं ओढून विचारू लागला. नाव, गाव, जन्म, नोकरी. "लेकरं किती?"

"तीन."

"तिकडं किती?"

"एक."

शिवप्पाचा पेन थांबला. "साहेब, मग अवघड हाय. त्यांचा कायदा असा, की लेकरांपैकी निम्मी तरी तिथं कायमची राहात असली पाहिजेत. रांगेचा घ्या का पैशाचा घ्या, दोन्हीला हीच अट. तीनात एक भरत न्हाई. दोनच असती तर भरली असती, न्हाईतर चार असून दोन तिथं असती तर." त्यानं कागद मागं सारला. "आपल्याला पाहुण्याचाच करावा लागल."

"चार हायत," चांगुणाबाई म्हणाली.

 व्यंकटराव वळले नाहीत. ती खुर्चीच्या कडेला टेकून बसली होती, पदर डोक्यावर, आणि बोलताना शिवप्पाकडं बघत होती, नवऱ्याकडं नाही.

"चार हायत. महानंदा म्हणून हाय माझी. तिथंच हाय, भुजंगच्या गावात. लई वर्षं झाली. तिथली रहिवासी झालीय. तिला धरा, दोन इथं अन् दोन तिथं होतात."

शिवप्पा ह्या तोंडाकडून त्या तोंडाकडं बघत राहिला. धंद्यातला माणूस, त्याला असली घरं नवी नव्हती. "मावशी, मग भरतंय की," तो हळूच म्हणाला. "तिचे कागद लागतील. जन्माचा दाखला, तिथल्या नागरिकत्वाचा, अन् तिनं सांगायचं की हे माझे आईबाप."

व्यंकटराव उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.  परतीची एसटी लोह्यापाशी चहाला थांबली तेव्हा ते एकटेच उतरले, एकटेच पिऊन आले. चांगुणाबाईला भीती वाटली का? वाटली. पण त्या भीतीच्या खाली दुसरंच काही होतं. एकोणीस वर्षं जे नाव नळाच्या आवाजाखाली घेतलं ते तिनं भर ऑफिसात घेतलं होतं, आणि आभाळ कोसळलं नव्हतं. आपल्या तोंडून ते कसं निघालं ह्याचंच तिला नवल वाटत होतं. सीटवर बसून ती मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत होती, महानंदा म्हणून हाय माझी.

आठवडा गेला. मग पुन्हा टँकर चुकला. कुणीतरी चिठ्ठ्या टाकून पाणी वाटायचं ठरवलं आणि व्यंकटरावांची चिठ्ठी शेवटी निघाली. रिकामी कळशी पायरीवर ठेवत ते म्हणाले, "भुजंगला सांग, तिला बोलायला बसव म्हणावं. कागदापुरतं धरू."

"म्हंजी?"

"म्हंजी कागदावर चार. घरात तीनच. तिथं गेल्यावर माझ्या दारात यायचं न्हाई तिनं. नवऱ्यालाबी सांगायचं. कायद्याला पाहिजे म्हणून घ्यायलोय, मला पाहिजे म्हणून न्हाई."

ऐका! पोरीला घरात घ्यायचं नाही, तिचं नाव तेवढं घ्यायचं. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, इथं वैद्याला आधीच मारून ठेवलं होतं आणि आता त्याच्याच हातचं औषध पाहिजे होतं. दुसरी कुणी असती तर तिनं कळशी त्यांच्या डोक्यात घातली असती. चांगुणाबाईनं तेवढंही पदरात घेतलं. कागदावर तर कागदावर. दार बंद ठेवलं तरी शहर तर एक असेल. बाजारात भेटेल, बागेत भेटेल. माय लेकीला भेटायला काय दारच लागतं?

ती उत्साहानं नुसती पेटली. घरात प्यायला पाणी नाही आणि ही शेंगदाण्याची चटणी कुटायला बसली. महानंदाला लहानपणी लसूण जास्त घातलेली लागायची. तारामतीला फोन करून सांगितलं, ह्या वेळेला नळ न सोडता. नातवंडांना काय न्यावं, त्यांना मराठी येत असेल का, आजी म्हणतील का आणखी काही, असं सारखं विचारत होती. तारामती रडली. म्हणाली, "माय, आप्पा खरंच हो म्हणले?"

"म्हणले. कागदापुरतं म्हणले. पण म्हणले."

रविवारी सकाळी भुजंगनं फोन लावला. "ताई बसलीय," म्हणाला आणि फोन दुसऱ्या हातात गेला.

चांगुणाबाईनं बघितलं. कानावरचे केस पांढरे. चष्मा. गालावर एक सुरकुती, थेट चांगुणाबाईच्या आईसारखी. ही माझी पोरगी? तिला तेवीस वर्षांची माहीत होती. मधली सगळी वर्षं कुणी खाल्ली? तिनं हात पुढं केला आणि बोट फोनच्या काचेला लागलं, तसं चित्र हललं.

"आई," महानंदा म्हणाली.

"जेवलीस का?" चांगुणाबाई म्हणाली. एवढ्या वर्षांनी तोंडातून निघालं ते हे.

"जेवले गं."

 व्यंकटरावांनी घसा खाकरला आणि फोन आपल्याकडं वळवला. पोरीचं क्षेमकुशल नाही, साहेबरावचं नाव नाही, लेकरांचं नाही. ऑफिसात अर्जदाराशी बोलावं तसं म्हणाले, "तुझा जन्माचा दाखला अन् तिथल्या नागरिकत्वाची नक्कल पाठवायची. आम्ही तुझे आईवडील आहोत असा एक जबाब. बाकी एजंट सांगंल. लवकर पाठव, घराला गिऱ्हाईक आलंय."

महानंदानं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, घातला. "आप्पा, मी नाही पाठवू शकत."

"का? मान पाहिजे का तुला? पाया पडायला लावती का?"

"न्हाई, तसं न्हाई. मला नको काही. मला जमतच न्हाई ते." ती भांडत नव्हती. दवाखान्यात रोग्याच्या नातेवाइकाला सांगतात तसं एकेक सांगत होती. "आम्ही इकडं यायला अर्ज केला तेव्हा आईबापाचं विचारलं होतं. हयात आहेत का वारले. साहेबराव म्हणाले, काय लिहायचं? माझ्याजवळ तुमचं कार्ड होतं. तुम्ही लिहिलं होतं, तुझे आईवडील आज रोजी वारले असे समजावे. खाली तारीख होती, सही होती. मी तसं लिहिलं. दोघंही वारले. तारीख पण तीच टाकली."

व्यंकटरावांनी फोन ह्या हातातून त्या हातात घेतला.

"पुढं दर वेळेला तेच लिहावं लागलं. नागरिकत्व घेताना शपथेवर लिहिलं. आता मी म्हणलं की आईबाप जिवंत आहेत, हे बघा, ह्यांना इथं राहू द्या, तर ते आधी मला विचारणार, मग तेव्हा काय लिहिलं होतं? माझं इथलं राहणं त्याच्यावर हाय, आप्पा. माझ्या लेकरांचं हाय. मी त्यांना धोक्यात घालणार न्हाई."

बघा आता. माणूस हयातभर कागद लिहीत आला. तारखेशिवाय, सहीशिवाय एक चिठ्ठी त्यानं कधी बाहेर सोडली नाही. पोरीला मेलो म्हणून कळवलं तेही तारीख टाकून, सही ठोकून. आणि त्याच्याच रक्ताची पोरगी, तिनं बापाचा कागद खरा मानला. आजपर्यंत कुणी त्यांचा कागद इतक्या भक्तीनं पाळला नसेल.

चांगुणाबाईनं फोन नवऱ्याच्या हातातून घेतला. "मी बी?" तिनं विचारलं. "मलाबी मेली लिहिलंस?"

"आई, कार्डात दोघांचं होतं."

"मी न्हवतं लिहिलं गं कार्ड. मला वाचताबी येत न्हाई."

"मला काय माहीत, आई. मी वाट बघितली की. वर्षभर बघितली. तू एकदा तरी कुणाच्या हाती सांगावा धाडशील म्हणून. शेजारच्या पोस्टमनला विचारायचे मी."

 सांगावा धाडला नव्हता हे खरं होतं. धाडायचा होता हेही खरं, पण ते कुणाला दाखवणार? पाटावर आंघोळीला आपण बसलो, आणि आपल्या नावाची तारीख पोरीनं तिकडं सात समुद्रापार नेऊन सरकारात जमा केली, हे तिला कळलं. तिला राग आला, नवऱ्याचा आला, पोरीचाही आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

"तू ये," महानंदा म्हणाली. आता तिचा आवाज हलला. "पाहुण्याच्या व्हिसावर ये. भुजंग बोलावील, तिथं माझा कागद लागत न्हाई. वर्षभर राहा. मी रोज येईन तुझ्याकडं. आप्पांचं त्यांनी ठरवावं, पण तू ये आई."

"येते," चांगुणाबाई म्हणाली. "येते मी."

व्यंकटरावांनी हात लांबवला आणि फोन बंद केला. मग कपाटाकडं गेले, दोघांचे पासपोर्ट बाहेर काढले, पुन्हा आत ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली, जानवं नाही म्हणून, करगोट्याला अडकवली. म्हणाले, "मेलेली माणसं इमानात बसत नसतात."

"तुमी नका येऊ. मी जाते."

"जा की. कशावर जाती? तुझ्या नावावर काय हाय? पेन्शन माझी, घर माझं, पासपोर्टातबी नवरा म्हणून नाव माझंच हाय."

हे भांडण बरेच दिवस चाललं. चांगुणाबाई जन्मात पहिल्यांदा भांडली. शेजाऱ्यांच्या बॅरलपाशी उभी राहून भांडली, लोक ऐकतात तर ऐकोत म्हणाली. शिवप्पाला तिनं शेजारणीच्या फोनवरून विचारलं. तो म्हणाला, "मावशी, तुमची स्वतःची मिळकत न्हाई. ऐपतीचा कागद साहेबांच्या पेन्शनीचा लागतो, न्हाईतर लेकानं सगळा खर्च अंगावर घ्यायचा." म्हणून तिनं भुजंगला विचारलं. भुजंग म्हणाला, "माय, आप्पाला दुखवून कसं करू? ते हो म्हणले की मी उद्या तिकीट पाठवतो." रामकिशनला विचारलं. तो म्हणाला, "मला मधी घालू नको." दोन लेक. दोघांचीही लग्नं झाली तेव्हा ह्याच बाईनं बोटं मोडून दृष्ट काढली होती.

मग पाऊस झाला. त्या साली चांगलाच झाला, मांजरा भरली, तोटीला पाणी आलं, आणि व्यंकटरावांच्या घरात ऑस्ट्रेलियाचं नाव निघायचं बंद झालं. घराचं गिऱ्हाईक त्यांनी परत पाठवलं. गेटवर कुणी विचारलं तर सांगायचे, "पोरगा बोलवायलाय, मीच नको म्हणलो. आपली माती ती आपली माती." रविवारी भुजंगचा फोन यायचा. मागून आता कुणाचा आवाज येत नव्हता. पोरगीच येत नसेल, का भुजंग बाहेर उभा राहून बोलत असेल, कुणास ठाऊक.

हिवाळ्यात व्यंकटरावांच्या छातीत कफ धरला. डॉक्टरांनी औषध दिलं, वाफ घ्यायला सांगितलं. वाफेचं पाणी चांगुणाबाई तापवून द्यायची, त्यात काही कमी नव्हतं. भाकरी वेळेवर, गोळ्या वेळेवर.

एका दुपारी शेजारच्या गल्लीतली साखराबाई आली. तिचा नवरा तलाठी होता, दोन वर्षांमागं गेलेला. साखराबाई आता निम्म्या पेन्शनवर बसलेली. नुकतीच बहिणीकडं हैदराबादला महिनाभर राहून आली होती. पायरीवर बसून पान लावत सांगत होती, तिकडं काय खाल्लं, काय बघितलं. "आता कुणाला इचारायचंय बाई," ती म्हणाली. "पेन्शन माझ्या नावावर पडती. मनात आलं की पिशवी भरायची."

चांगुणाबाई तिच्या तोंडाकडं बघत होती. आत व्यंकटरावांना ढास लागली, ती लवकर थांबेना.

"साखराबाई," चांगुणाबाईनं विचारलं, "तुमचे गेल्यावर पेन्शन तुमच्या नावावर किती दिवसांत झाली वो?"

साखराबाईचं पान हातातच राहिलं. तिनं चांगुणाबाईकडं नीट बघितलं, मग आतल्या खोलीच्या दाराकडं बघितलं. पान तोंडात सारून म्हणाली, "कागद बरोबर असले की लई दिवस लागत न्हाईत."

आत खोकला चालूच होता. वाफेचं पाणी चुलीवर उकळत होतं. चांगुणाबाई उठली नाही. बसल्या जागी ऐकत राहिली.